चीन आणि झांबियाची बातमी नीट कशी वाचायची

चीनने आफ्रिकेतल्या अमुक देशाचं विमानतळ घशात घातलं, तमुक देश विकला गेला असले फॉरवर्ड कायम फिरत असतात, आणि यूपीएससी-एमपीएससी करणारी पोरं पण त्याच्यावरच उत्तरं लिहितात हे बघून खरंच वाईट वाटतं. विषय इतका भारी आहे आणि समजून घ्यायला दिल्लीचे क्लास वगैरे काही लागत नाहीत, फक्त अख्ख्या आफ्रिकेबद्दल एका दमात बोलणं बंद करायचं आणि एक देश धरून बसायचं. मी झांबिया धरा म्हणेन, कारण रेल्वे, तांबं, कर्ज, डिफॉल्ट (म्हणजे कर्जाचा हप्ता चुकणं), निवडणुका आणि आता अमेरिकापण, सगळं एकाच देशात बघायला मिळतं.

सगळ्यात आधी नकाशा उघडा. झांबियाला समुद्र नाही, शेजारी आठ देश, आणि वर उत्तरेला काँगोच्या सीमेला लागून कॉपरबेल्ट, म्हणजे किट्वे, एन्डोला, चिंगोला, चांबिशी ही सगळी खाणींची गावं. निर्यातीच्या कमाईतला सत्तर टक्क्यांच्या आसपासचा वाटा एकट्या तांब्याचा. मग कुठलीही बातमी आली की पहिला प्रश्न हाच की हे तांबं समुद्रापर्यंत कुठल्या रस्त्याने जातंय आणि तो रस्ता कोणाच्या हातात आहे. राजधानी लुसाकातल्या प्रत्येक सरकारने पहिल्या दिवसापासून हाच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलाय, त्यामुळे तो डोक्यात ठेवला की अर्ध्या बातम्या आपोआप कळायला लागतात.

त्यानंतर तारखा, पण पाठ करायला नाही, क्रम कळायला. 24 ऑक्टोबर 1964 ला झांबिया स्वतंत्र झाला आणि 29 ऑक्टोबरला, म्हणजे पाचच दिवसांत चीनशी राजनैतिक संबंध जोडून मोकळा झाला. पुढच्याच वर्षी दक्षिणेला ऱ्होडेशियातल्या (आजचा झिम्बाब्वे) गोऱ्या सरकारने ब्रिटनला न जुमानता एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं आणि झांबियाचा दक्षिणेकडचा मार्गच धोक्यात आला. झांबियाचे अध्यक्ष केनेथ काउंडा आणि टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे रेल्वेसाठी आधी पाश्चात्य देशांकडे आणि वर्ल्ड बँकेकडे गेले, तिथे परवडणार नाही असं सांगून वाटेला लावलं, मग चीन पुढे आला. 1970 ते 1975 मध्ये दार-ए-सलाम ते कपिरी म्पोशी अशी 1860 किलोमीटरची ताझारा रेल्वे उभी राहिली, बिनव्याजी कर्जावर, आणि साठहून जास्त चिनी कामगार तिथे मेले, त्यांच्या कबरी अजून तिथे आहेत. लक्षात घ्या तेव्हा चीन स्वतः गरीब होता. बदल्यात त्याला काय मिळालं तर 1971 साली संयुक्त राष्ट्रांत तैवानच्या जागी बीजिंगला बसवणारा ठराव आला तेव्हा तो मांडणाऱ्या देशांत झांबिया आणि टांझानिया दोघंही होते. म्हणून आजही कुठल्याही संयुक्त निवेदनात ‘एक चीन’वालं, म्हणजे तैवान चीनचाच भाग आहे असं सांगणारं वाक्य शोधाच, ते रिकामं वाक्य नसतं, ती जुन्या सौद्याची पावती असते. चीनने 2025 मध्ये आफ्रिकेतल्या 53 देशांना शून्य आयातशुल्काची सवलत जाहीर केली त्यात एस्वातिनी नाही, कारण त्याचे संबंध तैवानशी आहेत. इतकं सरळ आहे ते.

आता मुख्य काम, पैसा. इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात कारण ‘चीनने कर्ज दिलं’ असं एकच वाक्य लिहून मोकळे होतात. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावर नुसतं मालकाचं नाव बघून थांबत नाही, ‘इतर हक्क’ मध्ये कोणत्या बँकेचा बोजा आहे ते पण बघतो, इथे तसंच करायचं. बघायचं काय तर कर्ज देणारी संस्था कोणती, चायना एक्झिम बँक आहे, चायना डेव्हलपमेंट बँक आहे की आयसीबीसीसारखी व्यापारी बँक. विमा कोणाचा आहे, कारण सायनोशुअर नावाची चिनी सरकारी विमा कंपनी मध्ये आली की हिशोब बदलतो. व्याज किती, सवलतीचं आहे की बाजारभावाचं, चलन कोणतं, फेड कधीपासून सुरू. आणि काम कोणती कंपनी करणार, कारण एक्झिमचा पैसा बऱ्याचदा चीनमधून हलतच नाही, थेट चिनी ठेकेदाराला जातो आणि झांबियाच्या खात्यावर फक्त बोजा चढतो. लुसाकाचं नवीन विमानतळ टर्मिनल असंच एक्झिमच्या कर्जावर चिनी कंपनीने बांधलं. तरी पण टर्मिनल तिथे उभं आहे, काफ्यू गॉर्ज लोअरचं 750 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र वीज देतं, म्हणजे नुसता तोटाच झाला असंही लिहू नका.

एक्झिम म्हणजे काय हे कळत नसेल तर मुंबईत आपलीच एक्झिम बँक आहे, ती पण भारत सरकारच्या वतीने आफ्रिकन देशांना पतपुरवठा करते आणि त्यातून भारतीय कंपन्यांना कामं मिळतात. झांबियातच इतेझी-तेझीच्या 120 मेगावॉट प्रकल्पात टाटांची तिथल्या सरकारी वीज कंपनीबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी होती. म्हणजे पद्धत जगावेगळी नाही, फरक आकाराचा आणि गुप्ततेचा आहे.

गुप्ततेवर थोडं थांबू कारण माझ्या मते खरा वाद इथेच आहे. 2021 मध्ये एडडेटा ही अमेरिकेतली संशोधन संस्था आणि इतर काही संस्थांच्या अभ्यासकांनी चिनी संस्थांचे जगभरातले 100 कर्जकरार मिळवून वाचले, त्यात अटी जाहीर न करण्याची कलमं, ठरावीक खात्यात पैसे साठवून ठेवायची अट आणि इतर देशांबरोबर एकत्र बसून कर्जाची फेररचना करायची नाही असली कलमं सापडली. झांबियाला याचा फटका कसा बसला ते बघा. झांबियाने 2012, 2014 आणि 2015 मध्ये मिळून 3 अब्ज डॉलरचे युरोबाँड, म्हणजे परदेशी बाजारात विकलेले कर्जरोखे, काढले होते, हे पैसे चीनचे नव्हते, लंडन-न्यूयॉर्कच्या फंडांचे होते, आणि 2015 च्या बाँडचा व्याजदर 9 टक्क्यांच्या जवळ होता. वर चिनी कर्जं, तांब्याचा भाव पडलेला, त्यात कोविड. 2020 मध्ये सरकारने बाँडवाल्यांकडे मुदत मागितली तर ते म्हणाले चीनला किती देणं आहे आणि कोणत्या अटीवर ते आधी सांगा, आमचे पैसे त्यांच्याकडे वळवणार नाही कशावरून. नोव्हेंबर 2020 मध्ये 4 कोटी 25 लाख डॉलरचा हप्ता चुकला आणि झांबिया कोविडकाळात डिफॉल्ट करणारा आफ्रिकेतला पहिला देश झाला. म्हणजे ‘चिनी सापळा’ म्हणणाऱ्याला बाँडचा व्याजदर विचारा आणि ‘सगळा दोष पाश्चात्यांचा’ म्हणणाऱ्याला गुप्त कलमांबद्दल विचारा.

डिफॉल्टनंतर काय झालं याचा क्रम लिहून ठेवा, घानाला किंवा इथिओपियाला लावून बघायला उपयोगी पडतो. ऑगस्ट 2021 मध्ये अध्यक्ष एडगर लुंगू निवडणूक हरले, हाकाइंडे हिचिलेमा अध्यक्ष झाले आणि त्यांच्या सरकारने कर्जाचे आकडे उघड करायला सुरुवात केली. ऑगस्ट 2022 मध्ये आयएमएफने (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने) 1.3 अब्ज डॉलर मंजूर केले. सरकारी धनकोंची समिती बसली, अध्यक्षपदी चीन आणि फ्रान्स दोघं मिळून, हे पण नवीनच होतं कारण एरवी असल्या वाटाघाटी पॅरिस क्लबच्या, म्हणजे मुख्यतः श्रीमंत धनको देशांच्या गटाच्या हातात असायच्या. जून 2023 मध्ये पॅरिसला 6.3 अब्ज डॉलरच्या कर्जाची फेररचना ठरली, त्यातले 4 अब्जांहून जास्त एकट्या चायना एक्झिमचे, मुदत 2043 पर्यंत ढकलली आणि व्याज सुरुवातीची बरीच वर्षं 1 टक्क्यावर आणलं. चायना डेव्हलपमेंट बँकेचं कर्ज मात्र सरकारी नाही, व्यापारी धरायचं असं ठरलं, संस्थेचं नाव बघा म्हणून मी डोकं खातोय ते ह्यासाठीच. बाँडवाल्यांशी झालेला पहिला समझोता सरकारी धनकोंनी नोव्हेंबर 2023 मध्ये नाकारला, शेवटी 2024 च्या मध्याला बाँडचं प्रकरण मिटलं. जवळपास चार वर्षं एक देश टांगलेला होता आणि त्या काळात तिथल्या दवाखान्यांना, शाळांना पैसा कमी पडत होता, हे आकड्यांच्या मागे विसरू नका.

आता त्या ‘घशात घातलं’ वाल्या बातम्या तपासायच्या कशा. 2018 मध्ये झांबियाची वीज कंपनी झेस्को आणि लुसाकाचं विमानतळ चीन घेणार अशी बातमी जगभर फिरली, सरकारने नाकारली, आणि तसं काही झालंच नाही. त्याच काळात सरकारी प्रसारण संस्थेच्या डिजिटल टीव्हीच्या कंपनीत मात्र चिनी स्टारटाइम्सला 60 टक्के हिस्सा खरंच दिलेला होता, तिथून कर्ज फेडायचं म्हणून, आणि त्यावर तिथे बरीच बोंबाबोंब झाली. म्हणून सगळं खोटं म्हणायचं नाही, सगळं खरंही नाही. ‘घेतलं’ हा शब्द दिसला की विचारा, शेअर घेतले, ठरावीक वर्षांसाठी चालवायला घेतलं, का नुसतं बांधायचं कंत्राट घेतलं. लुसाका ते एन्डोला चौपदरी रस्ता घ्या, आधी चिनी कर्जावर सुमारे 1.2 अब्ज डॉलरला ठरलेला, तो बारगळला, मग 2023 मध्ये चिनी कंपन्यांच्याच गटाला टोल वसुलीच्या बोलीवर 57-58 कोटी डॉलरला दिला. पैसे आता सरकार नाही, रस्त्यावरून जाणारा माणूस देणार. चांगलं का वाईट ते टोलनाक्यांचा अनुभव असलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण सरकारवरचं कर्ज म्हणून हा रस्ता मोजता येणार नाही.

व्यापाराच्या आकड्यांतला एक मोठा खड्डा आहे, तो चुकवा. झांबियाची निर्यात कुठे जाते हे शोधलं की बऱ्याच वर्षांत पहिल्या नंबरवर स्वित्झर्लंड दिसतं. तांबं आल्प्समध्ये जात नाही, ते विकत घेणाऱ्या ट्रेडिंग कंपन्यांची ऑफिसं तिथे आहेत, माल बऱ्यापैकी आशियात आणि त्यातही चीनला जातो. त्यामुळे चीन निर्यातीत दुसरा असं बघून चीनचं महत्त्व कमी आहे असा निष्कर्ष काढू नका, चीनच्या बाजूचे आयातीचे आकडे पण काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

मग माणसं. हा भाग लोक सोडूनच देतात आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 2005 मध्ये चांबिशीला चिनी मालकीच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन पन्नासच्या आसपास झांबियन कामगार गेले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत विरोधी नेते मायकेल साटांनी चिनी कंपन्यांविरुद्ध प्रचार केला, हरले, पण शहरं आणि कॉपरबेल्ट हलवून सोडला. 2010 मध्ये कोलम कोळसा खाणीत पगारासाठी आवाज उठवणाऱ्या कामगारांवर चिनी सुपरवायझरांनी गोळ्या झाडल्या, डझनभर जखमी, आणि खटला पुढे मागे घेतला गेला. 2011 मध्ये साटा निवडून आले आणि आल्यावर चीनबद्दलची भाषा एकदम मऊ झाली. ह्यातून शिकायचं ते असं की विरोधात असतानाचं भाषण आणि सत्तेत आल्यावरचा करार दोन्ही एकाच पानावर लिहा. फेब्रुवारी 2025 मध्ये चांबिशीजवळच एका चिनी कंपनीचा खाणीतल्या आम्लयुक्त कचऱ्याचा बंधारा फुटला, विष काफ्यू नदीच्या खोऱ्यात गेलं, मासे मेले, किट्वेचा पाणीपुरवठा बंद ठेवावा लागला. पण फक्त चीनकडे बोट दाखवून पण चालणार नाही, चिंगोल्याच्या पाण्याच्या प्रदूषणावरून गावकऱ्यांनी वेदांतावर लंडनला केस केली होती आणि 2019 मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने ती तिथे चालू शकते असं सांगितलं. आपल्याकडचं नाव आलं की नजर फिरवायची नाही.

अमेरिका आता अंगोलाच्या लोबिटो बंदरातून येणाऱ्या लोबिटो कॉरिडॉर या रेल्वेमार्गातून शिरतेय, म्हणजे परत तोच रस्त्याचा प्रश्न, तांबं पूर्वेला ताझाराने जाणार का पश्चिमेला अटलांटिकला. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन डिसेंबर 2024 मध्ये स्वतः लोबिटोला गेले. तिकडे चीनने ताझारा दुरुस्त करून चालवायला घ्यायचा करार पुढे नेला, सप्टेंबर 2024 मध्ये बीजिंगला शी जिनपिंग, हिचिलेमा आणि टांझानियाच्या सामिया हसन यांच्यासमोर त्याच्या सामंजस्य करारावर सह्या झाल्या. आणि मे 2025 मध्ये अमेरिकेने फुकट दिलेली औषधं चोरून विकली जातात म्हणून वर्षाला 5 कोटी डॉलरची औषधमदत थांबवत असल्याचं सांगितलं. हिचिलेमा दोन्हीकडे बोलतात, कोणालाच नाही म्हणत नाहीत, आणि छोट्या देशाने दुसरं काय करावं. हे त्यांचं राजकारण आहे असं समजून वाचा, त्यांना प्यादं समजू नका.

माहिती कुठे मिळेल तर कर्जांसाठी बोस्टन युनिव्हर्सिटीचा आफ्रिकेतल्या चिनी कर्जांचा डेटाबेस आहे, एडडेटाचा आहे, दोन्ही फुकट. आयएमएफच्या झांबियावरच्या रिपोर्टमध्ये कर्जाच्या टिकाऊपणाचा जो भाग असतो तो आधी वाचा, बाकीचं नंतर. पेपर वाचताना टाइम्स ऑफ झांबिया आणि झांबिया डेली मेल हे सरकारी आहेत हे ध्यानात ठेवा आणि न्यूज डिगर्ससारखं खाजगी एखादं सोबत ठेवा. चिनी दूतावासाचं निवेदन आणि लुसाकाचं निवेदन दोन्ही मिळाली तर शेजारी ठेवून एकात आहे आणि दुसऱ्यात नाही असं वाक्य शोधा, बातमी बहुतेक वेळा तिथेच असते.

सरावासाठी ऑगस्ट 2026 ची झांबियाची निवडणूक घ्या. प्रचारात खाणी, चीन आणि कर्ज यावर कोण काय म्हणालं ते तारखेसकट टिपून ठेवा, समोर साटांचं 2006 आणि 2011 लिहा, आणि निकालानंतर वर्षभरात कोणते करार सही झाले, कोणत्या संस्थेकडून, किती व्याजाने, ते शेजारच्या रकान्यात भरत जा.