जुन्या फौजी गाड्यांचे अवघड प्लग काढताना या चुका टाळा

यवतेश्वरच्या घाटात आमची जोंगा, म्हणजे लष्कराची जुनी जीप, मिसिंग मारायला (एखादं सिलिंडर न पेटल्याने धक्के खायला) लागली, म्हणून आम्ही तिचे स्पार्क प्लग बदलले. सहापैकी पाच. सहावा अगदी मागे, फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ. हात जायचा तर पाना बसायचा नाही, पाना बसला तर फिरायला जागा नाही. तो चांगलाच असेल असं म्हणून बोनेट लावलं. दुसऱ्या दिवशी सज्जनगडाच्या चढाला गाडी परत तसेच धक्के खाऊ लागली. शेवटी तो प्लग बाहेर आला तेव्हा काजळीने काळाठिक्कर होता आणि टोक इतकं झिजलं होतं की फटीत नख जात होतं. आमच्या आधीच्या प्रत्येकाने तो तसाच सोडला असणार.

पहिली चूक हीच. जो प्लग हाताला लागत नाही तो सगळ्यांत जुना असतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा. दमल्यावर नाही, सकाळी ताज्या हातांनी.

आमच्या सातारा भागात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत. लष्कराच्या लिलावातली गाडी दारात आली की शेजारचे फौजी आजोबा टायरवर हात फिरवून जातात. जोंगा हे नाव ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेम्ब्ली’च्या आद्याक्षरांवरून आलं. मूळ घडण निसानच्या ‘पट्रोल’ (Patrol) या गाडीची, सहा सिलिंडरचं 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन. लिलावानंतर कितीतरी जोंगांत लोकांनी डिझेल इंजिन बसवलं. मूळ पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या ज्या उरल्यात, त्यांचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं ज्यात प्लग बसतात ते झाकण, एका प्लगपायी खराब होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पाना लावायच्या आधी

ईएमईतून, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलातून, निवृत्त झालेले एक हवालदार आमच्याकडे येऊन बसतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. मी सहाव्या प्लगवर गोटी (सॉकेट पाना) चढवली तेव्हा ते खुर्चीतून उठून आले. “आरं थांब की. आधी हवा मार. त्याच्याभवती काय साठलंय ते बघ.” टॉर्च धरली. प्लगच्या बुडाशी लाल माती, वाळलेलं पान आणि बारीक खडे. प्लग सुटला असता तर ते सगळं थेट सिलिंडरमध्ये गेलं असतं आणि पिस्टनबरोबर वरखाली घासत राहिलं असतं. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालतो, मात्र डोळ्यांवर चष्मा हवा. प्लग अर्धा वळसा सैल करून पुन्हा एकदा हवा मारा, कारण आट्यांजवळचा कचरा तेव्हाच सुटतो.

त्याआधी बॅटरीची वायर काढा आणि एचटी वायरींवर, म्हणजे प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरींवर, चिकटपट्टीने नंबर टाका. जोंगाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-5-3-6-2-4, जुन्या विलिस जीपचा 1-3-4-2. वायर ओढताना टोपी धरा, वायर धरू नका.

एअर क्लीनर, बॅटरी, जे काही आडवं येतं ते सरळ काढून ठेवा. वीस मिनिटं जातात, पण त्या वीस मिनिटांच्या आळसापायीच पाना तिरका बसतो. तिरकी गोटी फिरली की चिनी मातीचा भाग कट्‌ आवाज करून तुटतो. तसं झालं तर घाबरू नका, षटकोन शाबूत आहे तोवर प्लग निघतो. फक्त तुकडे आधी हवेने उडवून घ्या. युनिव्हर्सल जॉइंट वापरावाच लागला तर एका हाताने गोटी प्लगच्या रेषेत दाबून धरा आणि दुसऱ्याने रॅचेट फिरवा. पाइप घालून दांडा लांब करायचा मोह टाळा.

जाम झालेला प्लग

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. वर्षानुवर्षं न हललेला प्लग एका दमात उलटा फिरवला की तो आटे घेऊनच बाहेर येतो. आमचा सहावा असाच होता. बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडलं आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी जेमतेम पाव वळसा हलला. तिथून पुढे न जाता परत तेवढाच आवळला, पुन्हा तेल, पुन्हा सैल. प्रत्येक फेरीला थोडा जास्त. करकर आवाज वाढला की थांबून मागे यायचं. पाऊण तास लागला, पण आटे स्वच्छ राहिले.

हेड बिडाचं असेल तर इंजिन थोडं कोमट करून हे काम सोपं जातं. मारुतीच्या जिप्सी किंगचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. ते गरम असताना प्लगला हात लावू नका, पूर्ण थंड होऊ द्या. गरम अॅल्युमिनियमचे आटे सहज फाटतात. नंतरच्या 16 व्हॉल्व्हच्या जिप्सी किंगचे प्लग खोल विहिरीत असतात आणि गाडी धुताना फवारा मारला की तिथे पाणी साठतं. धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी जिप्सी मिसिंग मारत असेल तर आधी विहिरी कोरड्या करा. पाण्याऐवजी तेल दिसलं तर वरच्या कव्हरचं सील बघा.

नवा प्लग बसवताना

विलिस जीपचे चारही प्लग हेडच्या माथ्यावर उघडे असतात, काढायला काहीच त्रास नाही. तिथली चूक दुकानात होते. तिच्या 14 मिमी प्लगच्या आट्यांची लांबी 9.5 मिमी. तोच 14 मिमीचा पण 19 मिमी आट्यांचा प्लगही हेडमध्ये मुकाट्याने बसतो, आणि त्याचं टोक आत व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या वाटेत उतरतं. जुना प्लग खिशात घेऊन जा, नव्याशेजारी धरून आटे मोजा. विलिसच्या प्लगच्या टोकाची फट 0.030 इंच, म्हणजे साधारण 0.76 मिमी. खोक्यातून निघाला तसा लावू नका, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा.

अवघड जागी प्लग रॅचेटने सुरू करणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक. पेट्रोलची वीतभर रबरी नळी घ्या, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसवा आणि नळी बोटांनी फिरवा. प्लग सरळ गेला तर नळी त्याला घेऊन फिरते. आट्यांत तिरका अडकला तर नळी प्लगवरच घसरते आणि हेड वाचतं. चार-पाच वळसे असे हाताने गेले की मगच गोटी. वॉशर टेकला की नव्या प्लगला अर्धा वळसा, जुनाच परत लावत असाल तर वळशाचा बारावा भाग पुरे. टॉर्क पाना असेल तर 14 मिमीला 25 ते 30 न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस फासण्याची सवय सोडा. ग्रीसमुळे पाना हलका लागतो आणि प्लग नकळत जास्त आवळला जातो.

काढलेले प्लग फेकू नका. पुठ्ठ्यावर एक ते सहा लिहून ओळीने मांडा. फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे लक्ष द्या.

एवढं करूनही मिसिंग राहिलंच तर रात्रीची वाट बघा. अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि हात मागे घेऊन नुसतं बघत राहा. आमच्या जोंगात सहाव्याची वायर फायरवॉलला घासून सोलली होती आणि तिथून निळी ठिणगी पत्र्यावर उडत होती.