गादी पलंगात बसत नाहीये? ऑर्डर द्यायच्या आधी या चुका टाळा

गाद्यांच्या कामात बरीच वर्षं काढली, पुण्यात सिंहगड रोडपासून वाकडपर्यंत कितीतरी घरांत जाऊन टेप लावलाय, आणि अजूनही आठवड्यातून एक फोन ठरलेला असतो, "दादा, गादी आली पण पलंगात बसत नाहीये." चुका त्याच त्याच. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो, शांतपणे वाचा.

बाहेरून माप घेणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात महाग पडणारी. गादी पलंगाच्या आत बसते ना, मग माप आतलंच पाहिजे. हे ऐकायला इतकं साधं वाटतं की लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन बाहेरूनच टेप लावतात.

माझ्या सख्ख्या बहिणीकडे हेच झालं. धायरीत नवीन फ्लॅट, सुताराला सांगितलं सहा बाय साडेसहाचा बॉक्स बेड कर, म्हणजे 72 बाय 78 इंच. त्याने केलाही, पण बाहेरून 72. बाजूच्या फळ्या 19 मिलीमीटर प्लायच्या, म्हणजे सुताराच्या भाषेत सहा सूत, दोन्ही बाजू मिळून दीड इंच गेला, वर आतून सनमायका. आत राहिले जेमतेम साडेसत्तर. मी तेव्हा बाहेरगावी होतो, तिने फोनवर विचारलं, मी म्हणालो आतून मोज, आणि ती म्हणाली अरे सुताराने सांगितलंय ना 72, आणि दिली 72 बाय 78 काथ्याच्या गादीची ऑर्डर. जुलैचा पाऊस, टेम्पोतून गादी प्लास्टिक गुंडाळून आली, लिफ्टमध्ये मावेना म्हणून चार जणांनी जिन्यावरून चौथ्या मजल्यावर नेली, आणि पलंगात ठेवली तर मधोमध कमान. एक बाजू दाबली की दुसरी वर. भाचा वर उभा राहून दाबत होता तरी डावा कोपरा चार बोटं वरच. सुतार म्हणाला, दोन-चार दिवसांत बसेल ताई. फोम असता तर थोडंफार दबून बसला असता, पण रबराने चिकटवलेला काथ्या आडवा दबत नाही, तो कितीही दिवस ठेवा. मापाने बनवून घेतलेली गादी दुकानदार परत घेत नाही, त्यात त्याची चूकही नव्हती.

शेवटी मी परत आल्यावर दोन्ही बाजूंच्या आणि पायाकडच्या वर आलेल्या दोन इंचाच्या पट्ट्या काढायला लावल्या, फळ्यांच्या कडा घासून नीट केल्या आणि गादी आत बसवायच्या ऐवजी वर ठेवली. बाहेरून 72 होताच, त्यामुळे कडेला कड बरोबर जुळली. सरकू नये म्हणून खाली जाळीची रबरी मॅट टाकली. गादी वाचली, पण पॉलिश केलेल्या नव्या बेडवर पटाशी चालवायला लागली तेव्हा बहिणीच्या डोळ्यात पाणी होतं.

माझी सवय सांगतो. स्टीलचाच टेप, शिवणकामाचा कापडी टेप ताणला जातो. आतली रुंदी तीन ठिकाणी, डोक्याकडे, मध्ये, पायाकडे, आणि त्यातलं सगळ्यात कमी माप धरायचं. टेप कोपऱ्यात वाकवून अंदाजे वाचू नका, टेपची डबी फळीला टेकवा आणि डबीची लांबी त्यात मिळवा, बऱ्याच टेपवर ती छापलेलीच असते. मग दोन्ही कर्ण मोजायचे. 72 बाय 78 ला कर्ण साधारण 106 इंच येतो, पण आकड्यापेक्षा दोन्ही सारखे आले पाहिजेत हे महत्त्वाचं, नाही आले तर बेड गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत, आणि गादी कोपऱ्यात तिरकी अडकणारच. त्यानंतर आतल्या मापातून फोमला चार सूत, म्हणजे अर्धा इंच, आणि काथ्या किंवा स्प्रिंगला पूर्ण एक इंच कमी करून ऑर्डर देतो. चादर खोचायला हात गेला पाहिजे की नको?

"किंग साईज" एवढंच सांगणं

आपल्याकडे किंग म्हणजे रुंदी बहुतेक 72, पण लांबी 72, 75, 78 तिन्ही मिळतात. क्वीनचंही तसंच, रुंदी 60 आणि लांबी तीन प्रकारची. आणि हल्ली सेंटीमीटरमधले तयार बेड घेतात, 180 बाय 200. 180 सेंटीमीटर म्हणजे 71 इंचसुद्धा भरत नाहीत, तिथे 72 ची गादी जाईलच कशी! नाव सांगूच नका, आकडे सांगा, आणि इंच की सेंटीमीटर तेही लिहून द्या.

फटीत चादरी कोंबणं

गादी लहान पडली की बाजूच्या फटीत उशा, जुन्या साड्या, गुंडाळलेली चादर. मोठ्यांपुरतं चालतं, दिसायला वाईट एवढंच. पण घरात तान्हं बाळ असेल तर हे अजिबात करू नका, मी हात जोडून सांगतो. बाळ रात्री सरकत त्या फटीत गेलं आणि तोंड दाबलं गेलं तर त्याला मान वळवता येत नाही, आणि कोंबलेली उशी तर अजूनच वाईट. पाळण्यात किंवा क्रिबमध्ये गादी आणि कडेच्या मधे दोन बोटं जात असतील तर ती गादी बदला. यात काटकसर नको.

रोल उघडल्या उघडल्या तक्रार करणं

गुंडाळून आलेला मेमरी फोम फुगायला एक ते तीन दिवस लागतात. लोक तासाभरात टेप लावून फोटो पाठवतात, दोन इंच कमी आहे म्हणून. अहो, थांबा की जरा. पंखा लावा, सपाट ठेवा, तिसऱ्या दिवशी मोजा.

बाकीचं थोडक्यात. जाडी आधी ठरवा, 18 इंचाच्या बॉक्सवर 10 इंचाची गादी टाकली की आजीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पट्ट्यांचा बेड असेल तर दोन पट्ट्यांत तीन इंचांपेक्षा जास्त अंतर नको, गादी तिथे खचते. सबंध प्लाय असेल तर त्याला भोकं पाडून घ्या, पुण्याच्या पावसाळ्यात खालून बुरशी धरते. हायड्रॉलिक बेड असेल तर गादीचं वजन आधी विचारा, जड गादीला पंप वर धरत नाही आणि फळी हातावर येते. डोक्याकडे गादी लावलेला हेडबोर्ड बसवणार असाल तर तो लावून झाल्यावरच लांबी मोजा. आणि जुन्या पेठांमधल्या घरात राहत असाल तर पलंगाबरोबर जिन्याचं वळणही मोजा, तिथे मी सरळ 36 इंची दोन गाद्या करून देतो आणि वर एकच मोठं कव्हर शिवतो.