कॅलिपरची जाम झालेली स्लाइड पिन घरी मोकळी करताना

ज्या डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो, त्यात बाहेरचा पॅड (घर्षणाची पट्टी) डिस्कवर दाबला जाण्यासाठी संपूर्ण कॅलिपरला, म्हणजे पिस्टन असलेल्या व डिस्कला कवेत घेणाऱ्या भागाला, दोन स्लाइड पिनांवर काही मिलिमीटर मागेपुढे सरकावे लागते. पिन अडकली की ही सरक थांबते. मग आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो, आणि दोनपैकी एकच पिन जाम असेल तर पॅड एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला पातळ असा तिरपा झिजलेला दिसतो. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढणे, थोड्याशा प्रवासानंतर एकच चाक अवाजवी गरम होणे, ही याच दोषाची आणखी लक्षणे होत. मात्र पिस्टन अडकला किंवा ब्रेकचा होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून बंद झाला तरीही तीच दिसतात, त्यामुळे खोलून पाहिल्याशिवाय निदान पक्के मानू नये.

गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून अडण लावावी, चाकाचे नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करावेत आणि उचलल्यानंतर गाडी जॅक स्टँडवर टेकवावी, कारण नुसत्या जॅकच्या भरवशावर या कामाला हात घालणे सर्वथा अयोग्य आहे. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये व श्वासात जाऊ देऊ नये, विशेषतः जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ब्रेक क्लीनरने ओली करून पुसून घ्यावी.

काही गाड्यांत पिन म्हणजेच लांब बोल्ट असतो, तर काहींत पिन ब्रॅकेटमध्ये (कॅलिपरला आधार देणाऱ्या चौकटीत) बसते आणि कॅलिपरमधून येणारा छोटा बोल्ट तिच्यातल्या आट्यांत कसला जातो. दुसऱ्या प्रकारात बोल्ट फिरवताना पिनही सोबत फिरू लागते. तेव्हा तिच्या चपट्या कडांवर पातळ फिक्स पाना धरून ठेवावा लागतो. सुटलेला कॅलिपर तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधून टांगावा. तो होजवर लोंबकळत ठेवला तर होजच्या आतल्या थरांना इजा होते आणि ती बाहेरून दिसतही नाही.

आता पिन. तिला सरळ ओढण्याचा मोह आवरावा, कारण गंज पिन आणि छिद्र यांच्यामध्ये पातळ थराने पसरलेला असतो आणि तो ओढीपेक्षा पिळाने लवकर तुटतो. रबरी बूट (पिनेवरचे धूळ-पाणी अडवणारे आवरण) मागे सरकवून तिथे गंज सोडवणारे तेल सोडावे, किमान अर्धा तास मुरू द्यावे, मग पाना लावून पिन थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे अशी हलवावी. एकदा का ती फिरू लागली की फिरवत फिरवतच बाहेर काढता येते. हे तेल पॅड किंवा डिस्कवर उडाले तर पॅड निकामी होतो, म्हणून पॅड आधीच काढून ठेवावेत. खरे तर ब्रॅकेटचे दोन बोल्ट सोडून ब्रॅकेट वाइसमध्ये पकडूनच काम करणे मला अधिक पटते, जरी ते बोल्ट घट्ट असल्याने लांब दांड्याचा पाना लागतो.

तरीही पिन हलत नसेल, तर ब्रॅकेट गाडीपासून वेगळे असताना आणि बूट पूर्ण काढल्यानंतर, पिनेभोवतीचा भाग गॅस टॉर्चने तापवून पुन्हा पिळून पाहता येते. येथे एक गोष्ट गंभीरपणे घ्यावी: ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला कधीही आच देऊ नये. क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो आणि क्लोरीनविरहित क्लीनर स्वतःच पेट घेतो. आधी मारलेले गंजाचे तेलही ज्वलनशील असते, म्हणून ते पुसून वाळू द्यावे. पिन तुटली किंवा छिद्र खरवडले गेले, तर ब्रॅकेटच बदलणे योग्य.

पिन निघाली म्हणजे काम झाले असे वाटते, परंतु दोष तेथे नसतो. पिन जाम झाली ती बहुधा बूट फाटून पाणी आत गेल्यामुळे किंवा चुकीच्या ग्रीसमुळे; ते कारण तसेच ठेवले तर पिन पुन्हा अडकणार. छिद्र बाटली घासायच्या ब्रशसारख्या गोल ब्रशने व क्लीनरने स्वच्छ करावे, ड्रिलने मोठे करू नये. पिनेवर वरवरचा गंज असेल तर तो बारीक पॉलिश पेपरने जातो. खड्डे पडले असतील किंवा मुलामा उडाला असेल तर नवी पिन घ्यावी, कारण उघड्या पोलादाला लवकरच पुन्हा गंज चढतो. फाटलेला बूट तर बदललाच पाहिजे. काही कॅलिपरमध्ये दोनपैकी एकाच पिनेवर रबरी बुश (छोटी नळीसारखी बाही) असतो, म्हणून कोणती पिन वर होती व कोणती खाली, हे काढतानाच टिपून ठेवावे.

ग्रीस ब्रेकसाठीचे, रबराला न फुगवणारे सिलिकॉन किंवा सिंथेटिक प्रकारचेच हवे. चाकाच्या बेअरिंगचे साधे पेट्रोलियम ग्रीस लावले की बूट व बुश फुगतात, आणि फुगलेला बुश पिनेला गंजाइतकाच घट्ट धरतो. लावायचे तेही पातळ थराने. छिद्र ग्रीसने भरून टाकले तर आत कोंडलेले ग्रीस व हवा पिनेला बाहेर ढकलतात. पिन बसवल्यावर बुटाची कड क्षणभर उचलून हवा सोडावी आणि कड खाचेत नीट बसल्याची खात्री करावी. पिन बोटांनी सहज आत-बाहेर सरकली पाहिजे.

पिनेचे बोल्ट बऱ्याच छोट्या गाड्यांत 30 न्यूटन-मीटरच्या आसपास कसले जातात, तरी प्रमाण मानायचा तो आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा. पिस्टन मागे दाबला असल्यास टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते, ते ओसंडत नाही ना हे पाहावे. चाक बसवल्यावर गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत ते वारंवार दाबावे, कारण पहिल्या काही दाबांत ते सरळ तळाला जाते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक तपासावा आणि थोडे फिरून आल्यावर दोन्ही बाजूंच्या रिमजवळ, डिस्कला स्पर्श न करता, हात नेऊन उष्णता सारखी आहे का ते पाहावे. एक बाजू अजूनही जास्त तापत असेल, तर शोध आता पिस्टन व होजकडे वळवावा.