जोडीदाराला सीएमएल आहे: घरच्या माणसाने काय काय सांभाळावं

सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. शेवटचा शब्द कानावर पडला की घरात रडारड सुरू होते, आणि नातेवाईक किमो, गळणारे केस, मुंबईच्या चकरा असं सगळं धरूनच फोन करतात. प्रत्यक्षात बहुतेकांची ट्रीटमेंट म्हणजे रोजची गोळी आणि ठरावीक महिन्यांनी रक्ततपासणी. २००१ साली इमॅटिनिब ही गोळी आली आणि या आजाराचं चित्रच पालटलं. निदान वेळेत झालं आणि गोळी नियमित घेतली तर बहुतेक पेशंट नोकरी-संसार करत वर्षानुवर्षं नीट जगतात.

माझी बायको हीच गोळी घेते. पहिल्या काही महिन्यांत घर आपोआप सावध असतं. रिपोर्ट चांगले यायला लागले, माणूस धडधाकट दिसायला लागला, की गोळ्या चुकायला लागतात. जोडीदाराची खरी गरज तेव्हा असते.

आधी आजार समजून घ्या, मग लोकांना सांगा

पेशीतल्या ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचा नवा जनुक तयार होतो. त्याच्या हुकमावरून पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. गोळी नेमका तोच हुकूम अडवते. हा बदल जन्मानंतर कधीतरी झालेला असतो. तो आईबापांकडून येत नाही, मुलांना जात नाही, आणि एका ताटात जेवल्याने पसरत तर नाहीच. ही वाक्यं पाठ करून ठेवा, कारण “त्यांच्या घराण्यातच असणार काहीतरी” असं कुणीतरी म्हणतंच. अशा वेळी उत्तर तुम्ही द्या. आजारी माणसाला स्वतःची बाजू मांडत बसायला लावू नका.

कुणाला सांगायचं, हे मात्र पेशंटने ठरवायचं. ऑफिसात सांगायचं नसेल तर नाही सांगायचं.

गोळीची वेळ घराच्या वेळापत्रकात बसवा

सर्वात जास्त लक्ष इथे द्या. इमॅटिनिबचा नेहमीचा डोस ४०० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं. आता आपल्या घरांत काय होतं? बाई सगळ्यांना वाढून, ओटा आवरून, दहा वाजता कशीबशी दोन घास खाते आणि गोळी राहूनच जाते. त्यावर मोबाइलमधला अलार्म हा उपाय नाही. तिचं ताट सगळ्यांबरोबर वाढलं जाणं हा उपाय आहे. वाढायला तुम्ही उठा.

उपवासाचंही तसंच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी पोटात गेल्यावर गोळी घेता येते. निर्जळी हरतालिका मात्र सोडावी लागेल, आणि ते सासूबाईंना सांगायचं काम मुलाचं.

“गोळी घेतलीस का?” हा प्रश्न रोज विचारला की महिन्याभरात “घेतली हो! किती वेळा विचाराल?” असं उत्तर येतं, आणि ते रास्तच आहे. त्यापेक्षा नवी स्ट्रिप आणली की मागच्या चंदेरी कागदावर मार्कर पेनने प्रत्येक गोळीमागे सोम, मंगळ, बुध लिहा. स्ट्रिप डायनिंग टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी राहू द्या (लहान मुलं असतील तर त्यांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर). बुधवारच्या रात्री बुध फुटलेला दिसला की विचारायचं कारणच उरत नाही.

एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम देऊ नका. गोळीनंतर उलटी झाली तरी मनाने दुसरी देऊ नका, डॉक्टरांना विचारा. निलोटिनिब ही सीएमएलवरची दुसरी गोळी चालू असेल तर नियम अगदी उलटा: घेण्याआधी दोन तास आणि नंतर एक तास पोट रिकामं हवं. ओपीडीबाहेर भेटलेल्या शेजाऱ्याचा सल्ला म्हणूनच जसाच्या तसा उचलू नये. त्याची गोळी वेगळी असू शकते.

त्रास लिहून ठेवा

इमॅटिनिबवर सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज दिसते, रात्री पोटरीत गोळे येतात, थकवा राहतो. घरकामात मुरलेली माणसं हे डॉक्टरांना सांगत नाहीत. “बरी आहे” म्हणून बाहेर येतात आणि त्रास नको म्हणून गुपचूप मधल्या दिवसाची गोळी गाळतात. तुम्ही तारखेसह टिपून ठेवा आणि ओपीडीत वाचून दाखवा. त्यावर बहुतेक वेळा उपाय असतो, डोस किंवा औषध बदलताही येतं.

ताप १०० अंशांच्या वर गेला, दम लागला, अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले किंवा वजन काही दिवसांतच भराभर वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डासाटिनिब ही सीएमएलवरची आणखी एक गोळी घेणाऱ्याला दम लागला तर छातीत पाणी झालेलं असू शकतं.

रिपोर्ट वाचायला शिका

सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी मोजणी, नॉर्मल आला म्हणजे काम झालं असं नाही. खरा हिशेब बीसीआर-एबीएलच्या पीसीआर तपासणीत असतो, म्हणजे तो बिघडलेला जनुक रक्तात किती उरलाय ते मोजणाऱ्या तपासणीत. ती सुरुवातीला दर तीन महिन्यांनी होते. आयएस म्हणजे आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवरची टक्केवारी बघा. साधारण अपेक्षा अशी: तीन महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा कमी, वर्षाने ०.१ टक्का किंवा कमी. शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, नाहीतर आकड्यांची तुलना फसवी ठरते. एका रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर गेला म्हणून घाबरवू नका. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा “गोळी चुकली का?” हाच असेल, आणि त्याचं खरं उत्तर देण्याची मुभा जोडीदाराला तुमच्यासमोर वाटली पाहिजे.

पैसे आणि दुकान

१ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबच्या पेटंटचा नोव्हार्टिस या मूळ औषध कंपनीचा दावा फेटाळला. आज भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक, म्हणजे तेच औषध असलेल्या दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या सहज मिळतात. डॉक्टरांना न विचारता ब्रँड बदलू नका. किमान पंधरा दिवसांच्या गोळ्या घरात शिल्लक असतानाच पुढची ऑर्डर द्या. गणपती-दिवाळीत दुकानदाराचा माल हमखास अडकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड सोबत घेऊन जा.

दुसरी औषधं

क्षयावरचं रिफाम्पिसिन, बुरशीवरच्या काही गोळ्या, काही अँटिबायोटिक्स सीएमएलच्या गोळीचं रक्तातलं प्रमाण कमीजास्त करतात. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी स्ट्रिप दाखवा. ग्रेपफ्रूट वर्ज्य, आणि कोकणातून कुणी त्याच्याच कुळातलं पपनस पाठवलं तर ते बाकीच्यांनी खावं. काढे, भस्मं, “प्लेटलेट वाढवणारा” रस हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

मूल हवं असेल तर

गोळी चालू असताना गर्भ राहू नये, बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. पत्नी पेशंट असेल तर पाळी चुकण्याची वाट न पाहता आधीच दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोला. त्या खोलीत नवऱ्याने बाहेर थांबू नये.

“आता बंद करूया का?”

कधीतरी हा प्रश्न येतोच. अनेक वर्षं गोळी घेतलेल्या आणि रिपोर्ट दीर्घकाळ अगदी तळाला राहिलेल्या काही पेशंटची गोळी डॉक्टर थांबवून बघतात. त्यातल्या साधारण निम्म्यांचा आजार पुन्हा डोकं वर काढतो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच. म्हणून त्या काळात दर महिन्याला पीसीआर करावी लागते, आणि आकडा चढताच गोळी परत सुरू होते. तेवढी तपासणी आणि तिचा खर्च झेपणार असेल तरच हा विषय डॉक्टरांकडे काढा. तोवर सोम, मंगळ, बुध चालू ठेवा.