गोव्यात-मालवणात मासेमारीची बोट ठरवताना या चुका टाळा

कृष्णेच्या काठावर गळ टाकून मरळीची वाट बघत बसणारी मंडळी सांगलीत कमी नाहीत. थंडी पडली की त्यातल्या बऱ्याच जणांचा एकच बेत ठरतो, या खेपेला समुद्रात जायचं. मिरजेतून गोवा एक्सप्रेस पकडून मडगाव, नाहीतर गाडी काढून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडी, आणि तिथून गोवा किंवा मालवण. इथपर्यंत सगळं बरोबर असतं. पैसे जातात ते पुढे, आणि बहुतेक वेळा एकाच कारणाने जातात. जिथे खोली घेतली, तिथूनच बोटही ठरवली जाते.

हळदीच्या सौद्यात पोत्यात हात घालून, हळकुंड मोडून रंग बघणारे आपण. बोट मात्र मोबाईलवरचा फोटो बघून पक्की करतो.

बागा, कळंगुट, कांदोळी या पट्ट्यात हॉटेलच्या काउंटरवर बोट सांगितली की ती दोन-तीन हातांतून फिरते. काउंटरवाला, त्याचा एजंट, आणि शेवटी बोटवाला. मधले आपापला वाटा आधीच काढून घेतात. बोटवाल्याच्या हाती डिझेल सुटून थोडंफार उरतं, मग तो ते वेळेत कापतो. चार तासांची फेरी तीन तासांत उरकते, बोट लांब जात नाही आणि नांगर जवळच पडतो. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी समुद्र मिळतो, आणि त्यात बोटवाल्याचा दोष फारसा नसतो.

राहा कुठेही, पण विचारायला मासळी उतरते तिथे जा. उत्तर गोव्यात शापोऱ्याचा धक्का आहे. दक्षिणेत साळ नदीच्या मुखाशी एका अंगाला मोबोरची पंचतारांकित हॉटेलं आणि दुसऱ्या अंगाला बेतुलचं मच्छीमार गाव आहे. मधे नुसती नदी, पण दोन्ही काठांवरची भाषा आणि भाव वेगळे. मालवणकडे जात असाल तर तारकर्लीच्या रिसॉर्टमधून फोन फिरवण्यापेक्षा देवबागला कर्ली खाडीच्या काठी संध्याकाळी एक चक्कर मारा. आदल्या दिवशी जा, घाई दाखवू नका. "काका, उद्या सकाळी गरवायला जायचंय, चौघं आहोत" एवढं सांगितलं तरी पुरतं. मालवणी माणूस आधी तुमची चौकशी करील, सांगली म्हटल्यावर पुराचं विचारील, मग दरावर येईल. त्याला मधेच तोडू नका.

इथेच उलटी चूकही होते. धक्क्यावर एखादा ट्रॉलरवाला म्हणतो, चला आमच्याबरोबर, थोडे पैसे द्या. स्वस्त पडतं खरं, पण मासेमारीची बोट म्हणून नोंदलेली बोट प्रवासी नेण्यासाठी नसते. प्रवासी न्यायचे तर गोव्यात बंदर कप्तान खात्याचा आणि महाराष्ट्रात सागरी मंडळाचा परवाना लागतो. त्या परवान्यावर किती माणसं न्यायची तेही लिहिलेलं असतं. तो कागद मागा. मागताना लाजायचं कारण नाही. नीट धंदा करणारा लगेच दाखवतो. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट बुडून दोघं गेले, आणि २५ डिसेंबर २०२४ ला कळंगुटसमोर बोट उलटून एकाचा जीव गेला. लाइफ जॅकेट माणशी एक आहे का आणि त्याचे पट्टे धड आहेत का, हे पैसे देण्याआधी बघायचं. काही बोटींवर जॅकेटांचा ढीग दोरीने बांधून ठेवलेला असतो. तो मोजू नका, सोडायला लावा.

माणशी दर आणि आख्खी बोट

गोव्यात "फिशिंग ट्रिप" या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे ग्रँड आयलंडसारखी सामुदायिक सहल. त्यात डॉल्फिन, पाण्यात डुबकी, जेवण आणि जाता जाता मासेमारी. दर माणशी असतो, त्यामुळे आकडा लहान दिसतो. मासेमारी म्हणजे दोऱ्याला गरी बांधून हातात देतात आणि थोड्या वेळात गोळा करतात. बायको-मुलांबरोबर गेलात तर ही सहल मजेची आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण मासा धरायला निघालेल्याने तिचे पैसे भरले की दिवस वाया गेला.

दुसरी म्हणजे आख्खी बोट तासांवर घेणं. इथे दर बोटीचा असतो, डोक्यांचा नाही. हिशेबापुरता आकडा घेऊ. सकाळचे चार तास सात हजारांत ठरले, तर दोघांना ते महाग, सहा जणांना माणशी बाराशेच्याही आत. म्हणून आधी माणसं जमवा, मग बोट शोधा. सहा जण गेलात तरी छोट्या बोटीत एका वेळी तिघा-चौघांनीच गळ टाका. नाहीतर अर्धा वेळ एकमेकांचे दोरे सोडवण्यात जातो आणि तोंडं फिरतात ती वेगळीच.

दर ठरवताना एवढं तोंडाने स्पष्ट करून घ्या. वेळ धक्क्यावरून सुटल्यापासून मोजायची की गळ पाण्यात पडल्यापासून? डिझेल, आमिष, काठ्या यांचे पैसे त्यातच की वेगळे? आणि धरलेला मासा कोणाचा? हा शेवटचा प्रश्न विचारायला सगळे विसरतात. काही ठिकाणी मोठी सुरमई लागली की ती बोटीची असा रिवाज निघतो, आणि तो कळतो परत आल्यावर.

पैसे कमी असतील तर बाहेरच्या समुद्राचा नाद सोडून खाडी घ्या, असं मी सांगेन. खर्चाचा मोठा भाग डिझेल असतो, आणि खाडीत ते कमी जळतं. चोणक, तांबोशी, शेंगाळा खाडीच्या तोंडाशीही लागतात. नदीवर गळ टाकायची सवय असलेल्याला तिथलं पाणीही ओळखीचं वाटतं. सुरमईच्या मागे खोल जाणं हा दुसऱ्या खेपेचा बेत ठेवा.

तारीख

नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा टाळा. खोली, बोट, रिक्षा, सगळं त्या आठवड्यात चढलेलं असतं. नोव्हेंबरचा मधला काळ किंवा फेब्रुवारी बरा. तासगावकडच्या बागाईतदारांना फेब्रुवारी जमत नाही, द्राक्षं उतरायला आलेली असतात; त्यांनी नोव्हेंबरात फवारणीतून दोन दिवस काढावेत, ते कसे ते त्यांनाच ठाऊक.

पावसाळ्यात अजिबात नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेला नारळ पडला की समुद्र खुला, असं धरून काही जण ऑगस्टात निघतात. मच्छीमार तेव्हा बाहेर पडतात, पण सिंधुदुर्गात पर्यटकांच्या बोटी साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंदच राहतात. त्या काळात "मी नेतो की" म्हणणारा भेटला तर तो नियम मोडतोय हे ओळखा.

दिवसातली वेळही दर ठरवते. सूर्यास्ताची फेरी सगळ्यांनाच हवी असते, म्हणून ती महाग. पहाटे सहाला पर्यटक झोपलेले असतात आणि बोटी रिकाम्या असतात. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे कामाला येतं. सकाळी वारा जमिनीकडून हलका असतो आणि पाणी शांत असतं. दुपारनंतर समुद्राकडून वारा चढतो आणि छोटी बोट हलायला लागते. म्हणजे स्वस्त वेळ हीच चांगली वेळ. हा योग फार ठिकाणी जुळत नाही, सोडू नका.

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, ओढ जोरात असते आणि हलकं शिसं तळाला टिकत नाही. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे पाण्याची ओढ कमी असते, नवख्याला तो सोपा जातो. भरतीची ढोबळ वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईकडचा आहे, गोव्याकडे भरती थोडी लवकर येते. पाणी चढत किंवा उतरत असताना मासा आमिष घेतो. पाणी थबकलं की गळही थबकतो.

सामान

नदीवरची काठी न्यायला हरकत नाही, पण नदीवरचं आमिष नेऊ नका. कणकेच्या गोळ्याकडे समुद्रातला मासा बघतही नाही. कोळंबी, बांगड्याचे तुकडे, माकूल हे तिथेच बाजारात घ्या. बोटवाल्याकडून घेण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि ताजंही मिळतं. महाग रीळ असेल तर घरीच ठेवा, बोटीवरचा साधा हातदोरा पुरेसा असतो. तरी नेलंच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी लोखंड खातं.

अडलं तर

वारा सुटला आणि बंदरावर धोक्याचा बावटा चढला, तर फेरी रद्द. त्यात वाद घालायचा नसतो. वाद असतो तो आगाऊ रकमेचा, म्हणून हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख, हे आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. आगाऊ म्हणून थोडीच रक्कम द्या, पूर्ण रक्कम कधीच नाही. न भेटलेल्या माणसाने नुसता क्यूआर कोड पाठवून घाई केली तर थांबा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितकी आशा कमी. लाटांची उंची हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर दिसते. ती दीड मीटरच्या वर असेल तर छोट्या बोटीने बाहेर जायचा हट्ट सोडा.

कुणाला बोट लागली तर त्याला खाली वाकून गरी बांधायला लावू नका. मधोमध बसवा आणि नजर क्षितिजावर ठेवायला सांगा. गोळी घ्यायची ती चढण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी, डॉक्टरांना विचारून. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. आदल्या रात्री गोवा साजरा केलेला गडी हमखास आडवा होतो आणि त्याच्यामुळे बोट परत फिरवावी लागते. पैसे मात्र सगळ्यांचे गेलेले असतात.

तासभर काहीच लागलं नाही तर बोटवाल्यावर चिडू नका, जागा बदलायला सांगा. एकदा जागा बदलणं दरात धरलेलं असावं, हेही आधीच बोलून ठेवा. मासा लागेलच अशी हमी देणाऱ्यापासून लांब राहा. आणि पाण्यात खरंच संकट आलं तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. बोटीत चढायच्या आधीच हे दोन्ही मोबाईलमध्ये घालून ठेवा.

मासा मिळाला तर बर्फाची पेटी धक्क्याजवळच घ्या, सांगलीहून रिकामी वाहून नेऊ नका. आतडी तिथेच काढून घ्या, बर्फ खाली-वर दोन्हीकडे घाला आणि पेटीच्या तळाला भोक ठेवा. वितळलेल्या पाण्यात भिजत पडलेला मासा घरी पोचेपर्यंत पिचका होतो. गाडीने येत असाल तर त्या भोकाखाली जुनी पोती घाला, नाहीतर डिकीचा वास पाडव्यापर्यंत जात नाही.