डीडीपीने माल पाठवताय? या चुका टाळा

मँचेस्टरहून गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा आवाज चढलेलाच होता. "ताई, ड्युटीसकट पैसे घेतलेत ना? मग कुरिअरवाला पुन्हा पैसे का मागतोय?" बिलावर मी डीडीपी, म्हणजे ड्युटी-टॅक्स विकणारा भरणार, असं ठळक लिहिलं होतं. घोळ बुकिंगमध्ये होता. 'ड्युटी-टॅक्स कोण भरणार' या रकान्यात 'रिसीव्हर' तसंच राहिलं होतं, आणि कुरिअर वसुली त्या रकान्यावरून करतं. आता लेबल चिकटवण्याआधी मी 'सेंडर' वाचून खात्री करते. पार्सल वाटेत असताना चूक लक्षात आली, तर ड्युटी आपल्या खात्यावर घ्यायला कुरिअरला लगेच मेल करा.

दुसरी चूक हिशोबाची. समजा, ब्रिटनला २०० पौंडांच्या पैठणी ओढण्या, भाडं ४० पौंड, ड्युटी ८ टक्के धरू. पुष्कळजण २०० वर ड्युटी १६ आणि व्हॅट ४०, असे ५६ पौंड काढतात. पण तिथे ड्युटी भाड्यासकट २४० वर लागते: १९.२०. मग २५९.२० वर २० टक्के व्हॅट: ५१.८४. झाले ७१.०४! वर कुरिअरने आपल्या वतीने पैसे भरल्याची फी वेगळी. हा फरक नफ्यातूनच जातो.

माल १३५ पौंडांपर्यंतचा असेल आणि गिऱ्हाईक घरगुती असेल, तर ड्युटी नाही. पण व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा, त्यासाठी तिथली नोंदणी हवी. युरोपीय संघात १५० युरोंपर्यंत आयओएसएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच व्हॅट घेऊन भरायची तिथली नोंदणी, चालते. तो नंबर कुरिअरच्या डेटात भरायचा राहिला, की गिऱ्हाइकाकडून व्हॅट दुसऱ्यांदा घेतला जातो.

अमेरिकेसाठी जुना दरतक्ता फाडून टाका. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली ड्युटीची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे.

'गिफ्ट' लिहून किंमत पाडू नका. 'लेडीज आयटम'ही नको. 'हातमागाची रेशमी ओढणी, १०० टक्के रेशीम' असं लिहा, सोबत एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा कस्टम्सचा क्रमांक.

आणि घाऊक मालाला डीडीपी कबूल करण्याआधी त्या देशात आयातदार म्हणून कोणाचं नाव लागणार, ते विचारा. आपलं लागत नसेल, तर सरळ डीएपी करा, म्हणजे माल आपण पोचवायचा. ड्युटी गिऱ्हाईक भरेल, भाव तेवढा कमी लावा.