स्वस्तात शाईपेन आणि शाई घेताय? या चुका टाळा

दिवाळीचा सेल संपला की ओळखीपाळखीतल्यांचे फोन सुरू होतात. पेन उमटत नाही, शाई कागदावर पसरते, कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून घेणारी पेनाच्या आतली छोटी नळी) बसत नाही. माणसं वेगळी, चुका त्याच. पेन वाईट निघालं असं क्वचितच असतं. घाईत घेतलेलं असतं.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते सवलतीचा टक्का बघून खरेदी केल्यामुळे. समजा ३० मिलीच्या बाटलीवर छापील किंमत १५०० रुपये आणि सूट ६० टक्के. ती ६०० ला पडते. शेजारी ५० मिलीची बाटली ९०० ची, सूट फक्त १० टक्के, म्हणजे ८१० रुपये. बहुतेक जण पहिली उचलतात. आता भागाकार करा: पहिली २० रुपये मिली, दुसरी १६ रुपये २० पैसे. मी शाई घेताना सवलतीचा आकडा वाचतच नाही. रुपये भागिले मिली, एवढंच. पेनाच्या बाबतीतही तेच पेन आणखी दोन-तीन ठिकाणी आज कितीला मिळतंय ते बघते आणि मग ठरवते. छापील किंमत मुळातच फुगवलेली असेल तर निम्म्या भावातही तुम्ही जास्तच मोजलेले असतात.

शाई किती लागते याचाही अंदाज नवख्यांना नसतो. साध्या कन्व्हर्टरमध्ये साधारण पाऊण ते एक मिली शाई मावते. म्हणजे ५० मिलीच्या एका बाटलीत पेन पन्नासेक वेळा भरून होतं. पाच रंग एकदम घेतले तर चार कपाटात पडून राहतात. सुरुवातीला कॅमलची रॉयल ब्लू घ्या. ६० मिलीची काचेची बाटली अगदी किरकोळ पैशांत येते, आणि ती शाई पाण्याने सहज धुतली जाते. १९३१ पासून ज्या घराण्याने शाई विकली त्यांची शाई ‘साधी’ म्हणून नाक मुरडणारे मला अजिबात पटत नाहीत.

दुसरी चूक पैशांपेक्षा पेनाच्या जिवावर उठते: वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरणं. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी असतात, दिसायला सारख्या असतात. माझ्या भाच्याला हॉस्टेल सोडून जाणाऱ्या एका मुलाकडून अशा काळ्या शाईच्या बाटल्या निम्म्या किमतीत मिळाल्या. त्याने ती शाई आजोबांच्या एबोनाइटच्या (म्हणजे कडक रबराच्या) पेनात ड्रॉपरने भरली. चार ओळी सुरेख काळ्याभोर उमटल्या. परीक्षा होईपर्यंत पेन तसंच पडून राहिलं, आणि मग फोन आला, “मावशी, हे उमटतच नाही गं.” मी गार पाण्यात भिजत ठेव म्हटलं. तेवढा धीर कुठला! त्याने पातेल्यात पाणी गरम केलं आणि पेन त्यात सोडलं. गरम पाण्याने एबोनाइटचा रंग उडतो. काळंभोर, गुळगुळीत अंग मातकट हिरवट झालं. शेवटी जुन्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यांनी निब आणि फीड (निबेखालचा, शाई पुढे आणणारा भाग) ओढून काढली, भिंगाखाली धरून मला दाखवली: फीडच्या बारीक खाचांत चकचकीत काळे पापुद्रे चिकटले होते. अशा ड्रॉइंग इंकमध्ये बहुतेकदा लाख असते. एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही. लाख विरघळवायला स्पिरिट चालतं, पण त्याने पेनाच्या प्लास्टिकला तडे जातात. फीड बदलावी लागली. गेलेला रंग मात्र परत आला नाही.

म्हणून बाटलीवर ‘फाउंटन पेन इंक’ हे शब्द दिसले नाहीत तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. स्टॅम्प पॅडची आणि टाकाने लिहायची कॅलिग्राफीची शाईही पेनात नको.

कन्व्हर्टर सगळ्या पेनांना एकच चालत नाही. पार्कर, पायलट, लामी यांचे आपापले वेगळे. कावेको स्पोर्ट या छोट्या पेनात नेहमीच्या लांबीचा मावतच नाही. किंमत बघताना कन्व्हर्टर धरून बघा.

लामी सफारी फारच स्वस्त दिसली तर सावध व्हा, तिच्या नकला भरपूर आहेत. अस्सल लामी कन्व्हर्टरला बाजूला दोन बारीक उंचवटे असतात आणि ते पेनाच्या खाचांत नीट बसतात.

परदेशी मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी हवीच. नसेल तर पुढे तक्रार कोणाकडे करणार?

सेलमध्ये उरलेल्या जाड निबा केवळ स्वस्त म्हणून घेऊ नका. आपल्या पातळ वह्यांवर त्यांची शाई मागे उतरते. जपानी फाइन निब युरोपातल्या फाइनपेक्षा बारीक लिहिते, हेही लक्षात असू द्या.

जुन्या साठ्यातली बाटली उघडून आधी वास घ्या. कुबट वास किंवा वर तरंगणारी साय दिसली तर ती बुरशी आहे. अशी शाई गाळून वापरायचा मोह नको, सरळ टाकून द्या.

आणि नवं पेन आल्याआल्या शाई भरू नका. फीडमध्ये कधीकधी कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, म्हणून पेन अडखळतं आणि लोक तासाभरात ते परत पाठवून मोकळे होतात. वाटीभर साध्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, ते पाणी कन्व्हर्टरने आतबाहेर करा, मग स्वच्छ पाण्याने साबण जाईपर्यंत धुवा. निब खाली करून टिश्यूवर रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी भरा.